आडनाव एकच, म्हणून माणसं एकाच घरातली? विद्यापीठांच्या दप्तरांत एक माग

जुने कपाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज अडलोय म्हणून धागा काढतोय.

सुरुवात झाली गणितज्ञांच्या बर्नुली घराण्यापासून. स्वित्झर्लंडच्या बाझल विद्यापीठात गणिताची खुर्ची, म्हणजे प्राध्यापकपद, १६८७ ते १७०५ याकोब बर्नुलीकडे. तो गेल्यावर १७४८ पर्यंत त्याचा धाकटा भाऊ योहान. योहान गेल्यावर १७९० पर्यंत त्याचा मुलगा, त्याचंही नाव योहानच. म्हणजे सलग १०३ वर्षं एक खुर्ची एका घरात! नावं इतकी तीच-ती की इतिहासकारांना राजांसारखे आकडे लावावे लागले: याकोब पहिला, याकोब दुसरा, योहान पहिला, दुसरा, तिसरा, निकोलाउस पहिला, दुसरा. त्यात डॅनियल बर्नुली हा पहिल्या योहानचा मुलगा आणि दुसऱ्या योहानचा थोरला भाऊ. हे सगळं मी वहीत मांडलं, झाड जमलं, आणि डोक्यात हवा गेली.

मग दुसरं एक आडनाव घेतलं. दुर्मिळ, जर्मन वळणाचं. इथे लिहीत नाही, कारण अजून हातात काहीच नाही आणि अर्धवट गोष्ट जालावर एकदा सुटली की परत येत नाही. जुन्या छापील प्रवेशनोंदी आणि प्रबंधांच्या याद्या चाळल्यावर सतराव्या शतकाच्या मध्यापासून १८३० च्या आसपासपर्यंत या आडनावाची पाच माणसं सापडली. तीन वेगळी विद्यापीठं. मी पाचही जणांना एका रेषेत बसवून टाकलं. आजोबा, मुलगा, नातू, पणतू.

प्रश्न असा: इतक्या दुर्मिळ आडनावाची पाच माणसं विद्वानांच्या नोंदीत असतील, तर ती एका घरातली धरायला हरकत काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रिकामटेकडी

खुर्ची १०३ वर्षं एका घरात, आणि तुम्ही त्याला विद्यापीठ म्हणताय होय! असो. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

तळटीप

हरकत आहे. चांगली मोठी आहे.

भौतिकशास्त्रात एक लॉरेंट्झ-लॉरेन्झ समीकरण आहे, पदार्थाची घनता आणि प्रकाशाचं वक्रीभवन यांचं नातं सांगणारं. डेन्मार्कच्या लुडविग लॉरेन्झने ते १८६९ साली मांडलं, नेदरलँड्सच्या हेन्ड्रिक लॉरेंट्झने स्वतंत्रपणे १८७८ साली. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. आडनावही एक नाही, एका 'टी'चा फरक आहे. तरीसुद्धा विद्युतचुंबकीत जी 'लॉरेन्झ गेज' नावाची अट आहे, ती या डेन्मार्कवाल्याची असून कित्येक पाठ्यपुस्तकांत 'टी' घालून डच माणसाच्या खात्यावर जमा झाली आहे. म्हणजे छापणारे जाणकार, वाचणारे जाणकार, आणि माणूस भलताच. पुढे हवामानवाला एडवर्ड लॉरेन्झ आणि बदकांच्या पिल्लांचा कॉनराड लॉरेन्झ येतात, ते आणखी वेगळे.

दुसरं उदाहरण ताजं आहे. २०१५ साली चार अर्थतज्ज्ञांनी मिळून एक शोधनिबंध छापला. चौघांचं आडनाव गुडमन. विषय काय, तर एकाच आडनावाचे अर्थतज्ज्ञ एकत्र लिहितात तेव्हा काय होतं! चौघं रक्ताने, लग्नाने किंवा एका विद्यापीठात असल्याने जोडलेले नाहीत, हे त्यांनी स्वतःच नोंदवलं आहे. आता ३०० वर्षांनी एखादं जुने कपाट येईल आणि चार गुडमनांचं झाड काढेल, की बाप, दोन मुलगे आणि सून.

बर्नुलींचं झाड जमलं ते आडनावामुळे नाही. त्यांची पत्रं, चरित्रं, भांडणं सगळं शिल्लक आहे म्हणून जमलं. तुमच्या पाच जणांचं काय शिल्लक आहे?

शेवटचा बाक

तळटीप यांच्याशी सहमत, पण लगेच इतकं नाउमेद करू नका हो.

नोंदवहीत नेमकं काय लिहिलंय ते पाहायचं. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांची यादी जोसेफ फॉस्टरने १८८७ पासून छापली, १५०० ते १८८६ पर्यंतची. तिच्यातल्या चांगल्या नोंदीत आडनावाशिवाय वडिलांचं नाव, गाव, कॉलेज, प्रवेशाची तारीख आणि त्या वेळचं वय असतं. शिवाय बापाची पत: सरदार, जमीनदार, पाद्री, की 'प्लेब.' म्हणजे सामान्य रयत. केंब्रिजची यादी व्हेन बाप-लेकांची, १९२२ ते १९५४ मध्ये छापलेली, दहा खंड. तिथे विद्यार्थी कुठल्या वर्गात दाखल झाला तेही कळतं. न्यूटन १६६१ साली तिथल्या ट्रिनिटी कॉलेजात गेला तो 'सायझर'च्या पायरीवर, म्हणजे इतरांची कामं करून शिकणाऱ्यांत. आडनाव एक, पण एक सरदारपुत्र आणि दुसरा दहा वर्षांनी आलेला सायझर असेल तर ते सख्खे भाऊ म्हणायच्या आधी जरा थांबावं.

माझा साधा नियम: आडनावाखेरीज दोन गोष्टी जुळल्याशिवाय रेघ ओढायची नाही. वडिलांचं नाव आणि गाव. किंवा गाव आणि बापाचा धंदा. एकच जुळली तर तुटक रेघ, पेन्सिलने.

वयाबद्दल मात्र सांभाळून. प्रवेशाच्या वर्षातून १८ वजा करून जन्मसाल काढायची सवय अनेकांना असते. जर्मन विद्यापीठांत प्राध्यापकांची पोरं अगदी लहानपणीच नोंदवून ठेवत. शपथ घ्यायचं वय नसल्यामुळे त्यांच्यापुढे 'नॉन युराव्हिट', शपथ घेतली नाही, असा शेरा असतो. याच्या उलट हॉलंडचं लायडन. तिथे नाव नोंदवलेल्याला बिअर आणि वाइनवरच्या करात सूट असे, त्यामुळे वहीतला प्रत्येक जण अभ्यासालाच आला होता असं धरू नये. देकार्तने फ्रानेकरला १६२९ साली आणि लायडनला १६३० साली विद्यार्थी म्हणून नाव घातलं, तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता.

प्रश्नचिन्ह

अवांतर: व्हेन म्हणजे ते एकमेकांत अडकलेल्या वर्तुळांवाले?

शेवटचा बाक

हो, तेच जॉन व्हेन. उतारवयात मुलाला घेऊन हे काम काढलं. पहिला खंड आला १९२२ साली, स्वतः गेले १९२३ साली, बाकीचं मुलाने तीस वर्षं ओढलं. वर्तुळं शाळेत सगळ्यांना माहीत होतात. वंशावळवाल्यांसाठी मात्र व्हेन म्हणजे हे दहा खंड.

लॅटिनची शिकवणी

धागा माझ्या गल्लीत आला, म्हणून लॉगिन केलं.

पहिलं म्हणजे आडनाव दुर्मिळ आहे हे कोणत्या भाषेत? सोळाव्या-सतराव्या शतकात विद्यापीठात नाव घालताना माणसं आडनाव लॅटिन किंवा ग्रीक करून घेत. श्वार्त्झेर्ड, म्हणजे काळी माती, त्याचा ग्रीकमध्ये मेलांख्थोन झाला. गेओर्ग बाउअर, म्हणजे शेतकरी, तो अग्रिकोला. क्रेमर हा व्यापारी, तो मेर्काटोर, नकाशेवाला. आता बाउअर जर्मनीत पैशाला पासरी. त्यांतले जेवढे शिकायला गेले त्यांतले कित्येक अग्रिकोला झाले असणार. वहीत ते एका घराचे वाटतात, प्रत्यक्षात एकमेकांना ओळखतही नसतील. म्हणजे नोंदवही नुसती आडनाव टिपत नाही, ती आडनाव बनवते.

याचा कळस म्हणजे झाडाझुडपांना शास्त्रीय नावं देणारा लिनेयस. वडील निल्स, इंगेमारचा मुलगा म्हणून इंगेमारसन. घराला कायमचं आडनाव नव्हतं. लुंड विद्यापीठात नाव घालताना आडनाव हवं, म्हणून घरच्या शेतावरच्या लिंडन झाडावरून लिनेयस घेतलं. तर मुलगा कार्ल लिनेयस, आणि पुढे सरदारकी मिळाल्यावर कार्ल फोन लिने. या आडनावाचा माग काढत मागे गेलात तर विद्यापीठाच्या दारातच रस्ता संपतो. त्याआधी त्या घरात लिनेयस नाहीतच.

दुसरं, गावांची नावं. यात मी स्वतः सपशेल पडलो आहे. 'लुग्दुनुम' म्हणजे फ्रान्सचं लियाँ. पण 'लुग्दुनुम बाटाव्होरुम' म्हणजे हॉलंडचं लायडन, आणि घाईत लिहिणारा शेपूट गाळतो. 'कांटाब्रिगिया' म्हणजे केंब्रिज, पण इंग्लंडमधलं की मॅसॅच्युसेट्समधलं, ते तुम्ही ठरवा. खगोलज्ञ रेगिओमोंटानुस, हे नाव ऐकून लोक त्याला प्रशियातल्या ज्या क्योनिग्सबेर्गमध्ये १५४४ साली विद्यापीठ निघालं तिथला समजतात. तो फ्रांकोनियातल्या त्याच नावाच्या छोट्या गावचा, मूळचा योहानेस म्युलर.

आणि तिसरं, शोधताना. आपण मराठीत कुलकर्णीचं कुलकर्ण्यांनी करतो तसं लॅटिनही नावाचं सामान्यरूप करतं. लिनेयसचा मुलगा म्हणायचं तर 'लिनेई', लिनेयसला म्हणायचं तर 'लिनेयो'. शोधपेटीत एकच रूप घातलंत तर निम्म्या नोंदी दिसणारच नाहीत. त्यात जुन्या छपाईतला लांब 'एस' यंत्राला 'एफ' वाटतो. एकदा एका नावामागे तीन संध्याकाळी घालवल्या आणि शेवटी 'एस'च्या जागी 'एफ' घालून बघितलं तर समोर हजर.

जुने कपाट

बाप रे. लॅटिनची शिकवणी, दंडवत.

पुन्हा वही काढली. पाचपैकी तिघांपुढे 'फ्रांकोफुर्टानुस' आहे. मी आनंदाने 'गाव जुळलं' म्हणून खूण केली होती. आता तुमचं वाचून पोटात गोळा आलाय.

लॅटिनची शिकवणी

यायलाच हवा. फ्रँकफुर्ट दोन आहेत. एक माइन नदीवरचं, दुसरं ओडर नदीवरचं, आणि त्या ओडरवाल्यात १५०६ ते १८११ स्वतःचं विद्यापीठ होतं. 'आड मोएनुम' (माइनकाठचं) किंवा 'आड व्हियाड्रुम' (ओडरकाठचं) असं पुढे लिहिलंय का पाहा. नसेल आणि नोंद लाइपझिगची असेल तर तिथली मुलं चार 'नात्सिओं'मध्ये, म्हणजे प्रदेशवार गटांत, विभागलेली असत: माइसन, सॅक्सन, बव्हेरियन, पोलिश. दक्षिण-पश्चिमेकडची मंडळी बव्हेरियन गटात. त्यावरून माइनवाला ओळखू येतो.

कोपऱ्यातली

सगळे बाप-लेक-नातू चाललंय, म्हणून मध्येच. मुलींचं काय?

मारी क्युरी घ्या. सॉर्बॉनमधून १८९३ साली भौतिकशास्त्राची आणि १८९४ साली गणिताची पदवी, तेव्हा ती स्क्लोदोव्स्का. लग्न १८९५ साली. १९०३ च्या प्रबंधावर 'मादाम स्क्लोदोव्स्का क्युरी'. पुढे नुसती क्युरी. मुलगी इरेन, लग्नानंतर जोलियो-क्युरी. आडनावाने शोधणाऱ्याला मायलेकी एका यादीत सापडतीलच असं नाही, आणि मारीचं शिक्षण तर क्युरी आडनावाखाली सापडणारच नाही.

केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ साली, ऑक्सफर्डने १९२० साली. त्याआधी परीक्षा द्यायची, पास व्हायचं, पदवी नाही. मग १९०४ ते १९०७ या काळात तिथल्या कित्येक जणी बोटीने डब्लिनला जाऊन ट्रिनिटी कॉलेजातून पदवी घेऊन आल्या. त्यांना 'स्टीमबोट लेडीज' असं नावच पडलं. शिकल्या एका देशात, पदवीची नोंद समुद्रापलीकडे. तुमच्या पाच पुरुषांच्या बहिणी कुठल्याच वहीत नसतील, आणि झाडाच्या निम्म्या फांद्या तिथेच तुटल्या असतील.

जाता जाता, नोएथर. 'नोएथरचं प्रमेय' म्हटलं की गणितज्ञ एमी नोएथर. 'मॅक्स नोएथरचं प्रमेय' म्हटलं की तिचे वडील. दोघंही एर्लांगेनचे. हे खरंच एका घरातले, आणि तरीही मागे गेलात तर १८०९ च्या बाडेनच्या फर्मानाला धडकाल. ज्यू कुटुंबांना कायमचं आडनाव घ्यायला लावलं गेलं, तेव्हा हे आडनाव घरात आलं.

रिकामटेकडी

कोपऱ्यातलीला उभं राहून टाळ्या. वाचनखूण साठवली.

शून्य मार्क

मंडळी, तुम्ही एकेक माणूस जोडायला बघताय म्हणून अडकताय. अर्थतज्ज्ञ ग्रेगरी क्लार्क आणि नील कमिन्स यांनी माणसं जोडलीच नाहीत. दुर्मिळ आडनावंच घेतली आणि ११७० ते २०१२ या काळात ती ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या याद्यांत लोकसंख्येच्या मानाने किती जास्त दिसतात ते मोजलं. निष्कर्ष असा की वरचेपण पिढ्यान् पिढ्या चिकटून राहतं. पिढी-दर-पिढी सहसंबंध ०.७ ते ०.९, म्हणजे बाप-मुलाच्या कमाईवरून नेहमी काढतात त्यापेक्षा खूपच जास्त. स्वीडनमध्येही तसंच, तो लॅटिन शेपटाचा 'युस'वाला गट डॉक्टर-वकिलांत आजही लोकसंख्येच्या मानाने जास्त दिसतो. तेव्हा आडनाव हाच पुरावा आहे.

तळटीप

तो गटाबद्दलचा पुरावा आहे. जुने कपाट यांचा प्रश्न पाच माणसांचा आहे. सरासरीवरून 'क्रमांक तीन हा क्रमांक चारचा बाप' हे निघत नाही. आणि त्या आकड्यांवर टीकाही बरीच झाली आहे: आडनावाची सरासरी काढली की व्यक्तीची चढउतार झाकली जाते आणि चिकटपणा फुगून दिसतो.

शून्य मार्क

टीका माहीत आहे. तरी एका खोलीत बसून आठ शतकं मोजता येतात, हे तुम्ही मान्यच करणार नाही का?

तळटीप

ते मान्य. पण त्या वह्यांत कोण नाही तेही मोजा. ऑक्सफर्डला १५८१ पासून प्रवेशावेळीच अँग्लिकन पंथाच्या ३९ कलमांवर सही करावी लागे. सही न करणारे स्कॉटलंडला किंवा लायडनला जात. धर्माच्या अटी रद्द झाल्या १८७१ च्या कायद्याने. आडनाव यादीत नाही म्हणजे घर अडाणी होतं असं नव्हे.

ओळखपत्र हरवले

जुन्यांचं ठीक, पण अलीकडच्यांचे हाल जास्त आहेत. जुन्या वहीत निदान बापाचं नाव असतं. आजच्या शोधनिबंधावर आडनाव आणि एक आद्याक्षर. कोरियात पाचातला एक जण किम, त्यात मूळ गावावरून गिम्हेचे किम वेगळे आणि ग्योंगजूचे वेगळे. 'जे. किम' घेऊन कुठे जाणार? यासाठीच २०१२ पासून संशोधकांना ओळखण्यासाठी ऑर्किडचा १६ आकडी क्रमांक आला, पण तो लेखकाने स्वतः घ्यावा लागतो, त्यामुळे मागच्या शतकातली मंडळी त्यात नाहीत.

उच्चारावरून आडनावं एकत्र आणणारी साउंडेक्स नावाची जुनी पद्धत आहे, १९१८ च्या पेटंटची. पहिलं अक्षर आणि तीन आकडे. गंमत म्हणून वरचे दोघे घालून पाहिले. लॉरेन्झ 'एल ६५२' आणि लॉरेंट्झ 'एल ६५३'. जी चूक पाठ्यपुस्तकांनी केली ती या शंभर वर्षांच्या यंत्राने केली नाही! उलट 'सी'ने आणि 'के'ने सुरू होणारं एकच नाव मात्र ते कधीच एकत्र आणत नाही. आपली 'व'ची आडनावं रोमनमध्ये कधी 'व्ही' कधी 'डब्ल्यू' लिहितात, तीही तशीच फाटतात.

गणितवाल्यांसाठी मॅथेमॅटिक्स जीनिऑलॉजी प्रोजेक्टही आहे. तिथल्या झाडात वर मार्गदर्शक आणि खाली विद्यार्थी. जुने कपाट, तुम्ही 'वंशज' वाचून तिथून नाती घेतली असतील तर आत्ताच खोडा.

जुने कपाट

एक घेतलं होतं. खोडलं.

लॅटिनची शिकवणी

आणखी एक. तुमच्या यादीतले प्रबंध १८०० च्या आधीचे असतील तर मुखपृष्ठावर दोन नावं असतील. एक 'प्रेझेस', अध्यक्षस्थानी बसणारा प्राध्यापक. दुसरा 'रेस्पोन्देन्स', उभं राहून बचाव करणारा विद्यार्थी. लिहिलंय कोणी ते प्रत्येक वेळी वेगळं. लिनेयसच्या अध्यक्षतेखाली १८६ प्रबंध झाले आणि त्यांतला मजकूर बहुतांशी त्याचाच मानतात. ग्रंथालयाची यादी मात्र कधी एकाला लेखक करते, कधी दुसऱ्याला.

पण एक चांगली बातमी. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन प्रबंधाचं शेवटचं पान उघडा. तिथे 'व्हिटा' असते, उमेदवाराने स्वतः लिहिलेली आयुष्याची अर्ध्या पानाची हकिकत. जन्म कुठला, बाप कोण, धर्म कोणता, शाळा कुठली. तुमच्या पाचव्याची असू शकेल.

जुने कपाट

अपडेट. उशीर झाला, क्षमस्व. दोन दप्तरखान्यांना पत्रं घातली होती, एकाने चित्रं पाठवली, दुसऱ्याचं उत्तर यायला वेळ लागला.

क्रमांक ३ आणि ४: बाप-लेक. वडिलांचं नाव जुळलं, गाव जुळलं (माइनवरचं, 'आड मोएनुम' स्पष्ट लिहिलंय), आणि दोघांपुढे औषधविक्रेत्याचा धंदा. शेवटचा बाक, तुमच्या नियमाने पक्की रेघ.

क्रमांक २: हा ओडरवाला निघाला. शिवाय ज्या प्रबंधावरून मी त्याला 'विद्वान' केलं होतं, त्यावर तो रेस्पोन्देन्स आहे. मजकूर त्याचा असेलही, नसेलही. झाडातून बाहेर.

क्रमांक ५: व्हिटा सापडली! शेवटच्या पानावर, शिकवणींनी सांगितलं तिथेच. तो लिहितो की वडील तो लहान असताना वारले, आईने दुसरं लग्न केलं, आणि सावत्र वडिलांनी वाढवलं व आडनाव दिलं. सावत्र वडील म्हणजे क्रमांक ४.

शून्य मार्क

मग धरायचा की नाही झाडात?

तळटीप

का नाही? आडनाव त्याला क्रमांक ४ नेच दिलं. रेघेवर 'दत्तक' लिहा म्हणजे झालं.

कोपऱ्यातली

आणि आईचं नाव व्हिटेत आहे का? असेल तर तेही लिहा.

जुने कपाट

आहे. लिहिलं. तिचं माहेरचं आडनावही दिलंय, आता ते शोधायला घेतोय.

प्रश्नचिन्ह

आणि क्रमांक १? सतराव्या शतकातला?

जुने कपाट

त्याचं काहीच जुळलं नाही. बापाचं नाव नाही. फ्रांकोफुर्टानुस आहे, पण कुठलं ते लिहिलेलं नाही. पदवी नाही, प्रबंध नाही, पुन्हा कुठल्या वहीत नाव नाही. एकच ओळ आहे, आणि शुल्काच्या रकान्यात आकड्याच्या जागी 'पाउपेर' लिहिलंय, गरीब आहे, घेतलं नाही. मी त्याला वहीच्या वेगळ्या पानावर ठेवलंय, रेघ न ओढता.